यादीत नाव आहे का?

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत: बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. ही नावं जावास्क्रिप्टमध्ये एका ॲरेत ठेवली आणि अर्जात भरलेला तालुका त्यात आहे का असं विचारलं, तर आज उत्तर एका ओळीत मिळतं. ॲरेच्या नावापुढे टिंब देऊन इन्क्लूड्स लिहायचं आणि कंसात तालुक्याचं नाव द्यायचं. नाव असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स.

एवढी साधी ओळ लिहिता यायला या भाषेला 21 वर्षं लागली. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. इन्क्लूड्स प्रमाणित भाषेत आलं ते 2016 मध्ये. मधल्या काळात लोकांनी काय काय केलं, त्यातलं काय टाकून द्यावं आणि काय ठेवावं, हे इथे पाहायचं आहे. पण आधीच सांगतो, की पद्धत कोणती वापरावी हा वाद माझ्या मते संपलेला आहे. उरलेला आणि जास्त अवघड प्रश्न वेगळाच आहे: दोन किमती ‘एकच’ आहेत असं कधी म्हणायचं? मराठीत नावं साठवणाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर भाषेकडून आयतं मिळत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

सुरुवातीला होता तो फॉर लूप. पहिल्या खणापासून शेवटपर्यंत जायचं, प्रत्येक नाव ताडून पाहायचं, सापडलं की थांबायचं. यात चुकीचं काहीच नाही, इन्क्लूड्ससुद्धा आतून हेच करतं. अडचण एवढीच, की प्रत्येक जण आपापला लूप लिहायचा आणि त्यात मोजणीची चूक करायचा. 2005 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स 1.5 आलं आणि त्याच्याबरोबर इंडेक्सऑफ ही सोय आली. डिसेंबर 2009 मध्ये ती ईएस 5, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणाच्या पाचव्या आवृत्तीत दाखल झाली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र ती नवव्या आवृत्तीत, म्हणजे 2011 मध्ये पोचली आणि विंडोज एक्सपीवर आठव्याच्या पुढची आवृत्ती चालतच नव्हती. एक्सपीचा अधिकृत आधार एप्रिल 2014 मध्ये संपला. तोपर्यंत ज्याला सगळीकडे चालणारं पान हवं होतं, त्याने जेक्वेरीचं इनॲरे वापरलं किंवा अंडरस्कोअरसारखी लायब्ररी घेतली.

इंडेक्सऑफ ‘आहे का’ हे सांगत नाही, ‘कुठे आहे’ ते सांगतं. नाव सापडलं तर त्याचा क्रमांक, नाही सापडलं तर उणे 1. आणि क्रमांक शून्यापासून सुरू होतात. वरच्या यादीत बुलढाणा पहिला, म्हणजे त्याचा क्रमांक 0. आता कोणी घाईत ‘जर इंडेक्सऑफ’ एवढीच अट लिहिली, तर काय होतं पाहा. जावास्क्रिप्ट 0 ला खोटं मानतं आणि उणे 1 ला खरं. म्हणजे चिखली, मेहकर, लोणार बरोबर सापडतात. जिल्ह्याचं मुख्यालय असलेला तालुका ‘यादीत नाही’ ठरतो. आणि यादीत नसलेला अकोला खुशाल आत येतो. बाकी बारा नावांवर चाचणी केली तर दोष दिसतही नाही. जेक्वेरीच्या इनॲरेमध्ये हाच खड्डा होता. काही जण इंडेक्सऑफच्या आधी टिल्ड चिन्ह लावून उणे 1 चं शून्य करून घेत. हुशारी खरी, पण सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याला डोकं खाजवावं लागे. जुन्या कोडमध्ये असं दिसलं तर बदलून टाकावं, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

इन्क्लूड्स हे नावसुद्धा पहिल्या पसंतीचं नव्हतं. डोमेनिक डेनिकोला आणि रिक वॉल्ड्रन यांच्या प्रस्तावात या सोयीचं नाव कंटेन्स होतं. पण मूटूल्स या तेव्हाच्या लोकप्रिय लायब्ररीने त्याच नावाची स्वतःची सोय आधीच ॲरेला जोडलेली होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत नवं कंटेन्स येताच मूटूल्सवर उभी असलेली संकेतस्थळं मोडायला लागली, म्हणून 2014 च्या अखेरीस नाव बदलून इन्क्लूड्स केलं. वेबची ही शिस्त मला मोलाची वाटते. गावोगावच्या पतसंस्थांची, शाळांची, दैनिकांची जुनी पानं कोणी पुन्हा हात लावणार नसतं. ती चालू राहावीत म्हणून भाषेने आपल्या आवडीचं नाव सोडलं. ईएस 2016 या आवृत्तीत ठळक अशा दोनच नव्या गोष्टी होत्या: इन्क्लूड्स आणि घातांकाचं चिन्ह.

इंडेक्सऑफ आणि इन्क्लूड्स यांच्यात फक्त उत्तराच्या रूपाचा फरक आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. इंडेक्सऑफ काटेकोर समानता, म्हणजे तीन बरोबर चिन्हांची तुलना वापरतं. त्या तुलनेत नॅन ही किंमत, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’ असा शेरा, स्वतःशीही समान नसते. त्यामुळे यादीत नॅन असूनही इंडेक्सऑफला ते कधीच सापडत नाही. इन्क्लूड्स नॅनला नॅनशी समान मानतं. ॲरेतला रिकामा खण इंडेक्सऑफ ओलांडून जातं, तर इन्क्लूड्स त्याला अनडिफाइन्ड समजतं. पुस्तकात हे वाचताना तळटीप वाटते. पण आपल्याकडे ती कशी अंगावर येते, ते पिनकोडवरून कळतं.

बुलढाण्याचा पिनकोड 443001. हा आकडा संख्या म्हणून यादीत ठेवला आणि अर्जातल्या रकान्यात कोणी तोच टाइप केला, तर इन्क्लूड्स ‘नाही’ म्हणतं. कारण अर्जाच्या रकान्यातून येणारी किंमत ही स्ट्रिंग असते, म्हणजे अक्षरांची ओळ. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण भाषेच्या लेखी एक संख्या आणि एक मजकूर. यावर नेहमीचा उपाय म्हणजे आलेल्या मजकुराची संख्या करणं. आता अर्जदाराने मराठी कीबोर्डवरून ४४३००१ असं लिहिलं तर? जावास्क्रिप्ट देवनागरी अंक संख्या म्हणून वाचत नाही. रूपांतराचं उत्तर येतं नॅन. आणि मूळ यादीच कोणी देवनागरी अंकांतल्या तक्त्यावरून तयार केली असेल, तर त्या यादीतही नॅनच भरलेले असतात. मग इन्क्लूड्स नॅनला नॅनशी जुळवून ‘आहे’ असं उत्तर देतं आणि पुण्याचा, गोंदियाचा, कुठलाही देवनागरीत लिहिलेला पिनकोड बुलढाण्याच्या यादीत सापडतो. इंडेक्सऑफने इथे निदान सगळ्यांना नाकारलं असतं. म्हणून पिनकोड, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक हे आकडे दिसले तरी संख्या नव्हेत, असं मी ठामपणे म्हणतो. त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत आणि तपासणीच्या आधी देवनागरी अंक एकाच लिपीतल्या अंकांत आणावेत.

पिनकोडच्या बाबतीत आणखी एक आडवाट लोक धरतात: पहिले तीन आकडे 443 असले की बुलढाणा जिल्हा. बुलढाणा शहराला हे लागू पडतं, पण खामगावचा पिन 444303 आणि शेगावचा 444203. अकोला शहराचा 444001. टपाल खात्याची विभागणी जिल्ह्याच्या सीमेवरून जात नाही. सुरुवात पाहून अंदाज बांधला तर जिल्ह्यातली दोन मोठी शहरं बाहेर पडतात. इथे यादी हवी आणि यादीतच पाहायला हवं.

उलटी चूक होते ती अर्धवट नावाच्या शोधात. इन्क्लूड्स नावाची सोय ॲरेला आहे तशी स्ट्रिंगलाही आहे आणि दोघींचं काम वेगळं आहे. ॲरेची इन्क्लूड्स पूर्ण नाव जुळवते, स्ट्रिंगची इन्क्लूड्स मजकुरात कुठेही तुकडा सापडला तरी ‘हो’ म्हणते. 13 तालुके स्वल्पविराम देऊन एकाच स्ट्रिंगमध्ये ठेवले आणि तिला ‘जळगाव’ विचारलं, तर जळगाव जामोदमुळे उत्तर ‘आहे’ येतं. जळगाव हा तर शेजारचा स्वतंत्र जिल्हा आहे. ‘राजा’ विचारलं तरी ‘आहे’. सर्व्हरकडून आलेली यादी ॲरे आहे की नुसती लांब ओळ, हे न पाहता दोन्हीवर तीच सोय चालते, तक्रार कोणी करत नाही, म्हणून हा दोष फार उशिरा पकडला जातो.

पायथनकडून आलेल्यांसाठी एक वाक्य: जावास्क्रिप्टमधलं ‘इन’ ॲरेतली किंमत पाहत नाही, क्रमांक पाहतं. त्याला ‘शेगाव’ विचारलं तर उत्तर ‘नाही’, आणि 10 विचारलं तर ‘आहे’, कारण दहा क्रमांकाचा खण भरलेला आहे.

नुसत्या नावाने काम भागत नाही अशी वेळ लवकरच येते. मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मलकापूर कऱ्हाडजवळही आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातही आहे. तेव्हा यादीत गाव, तालुका, जिल्हा अशी पूर्ण नोंद ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक खणात एक ऑब्जेक्ट. आणि इथे इन्क्लूड्स थांबतं. तंतोतंत तोच मजकूर असलेलं दुसरं ऑब्जेक्ट तयार करून विचारलं, तर उत्तर ‘नाही’. एकाच गटाचे सातबाराचे दोन उतारे काढले तर तलाठ्याच्या दृष्टीने जमीन एकच असते, पण जावास्क्रिप्ट कागद मोजतं आणि कागद दोन आहेत. ऑब्जेक्टची तुलना आतल्या मजकुरावरून होत नाही, ते तेच ऑब्जेक्ट आहे का यावरून होते.

इथे ईएस 5 मधलीच सम ही सोय वापरायची. तिला आपण अट देतो: ज्याचं गाव मलकापूर आणि जिल्हा बुलढाणा अशी एकही नोंद आहे का? पहिली सापडताच ती थांबते आणि ट्रू देते. याच कामासाठी फिल्टर वापरून आलेल्या यादीची लांबी पाहणारे बरेच आहेत. उत्तर बरोबर येतं, पण सापडल्यावरही शेवटपर्यंत चालत राहावं लागतं. फाइंड वापरणाऱ्यांनी जपून राहावं. फाइंड सापडलेली किंमतच परत देतं, आणि ती किंमत 0 किंवा रिकामी स्ट्रिंग असेल तर अट तिला खोटं मानते. दोन्ही ऑब्जेक्टांची स्ट्रिंग करून ती ताडणं हाही एक रुळलेला मार्ग आहे. पण एका नोंदीत आधी गाव आणि दुसऱ्या नोंदीत आधी जिल्हा लिहिला गेला, की त्या दोन स्ट्रिंग वेगळ्या होतात.

मजकुरावरून समान ठरणारी ऑब्जेक्ट भाषेतच यावीत यासाठी रेकॉर्ड आणि टपल नावाचा प्रस्ताव काही वर्षं चर्चेत होता. 2025 मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे नजीकच्या काळात आपली ओळख आपणच ठरवायची आहे. माझं मत विचाराल तर नावावर भिस्तच ठेवू नये. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याला 500 हा संकेतांक होता, आणि गावांनाही असेच संकेतांक असतात. पडद्यावर नाव दाखवावं आणि तुलना संकेतांकांची करावी. मग इन्क्लूड्स पुन्हा पुरेसं होतं.

पण अर्ज माणूस भरतो आणि माणूस नाव लिहितो. आपला प्रश्न इथून पुढे खरा सुरू होतो.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे साठवलेला मिळतो. एक, युनिकोडमधलं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. पहिल्या प्रकारात शब्दाची लांबी 6 भरते, उरलेल्या दोन्हींत 7. छपाईत तिन्ही एकसारखे दिसतात. इन्क्लूड्सच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि यादी एका कीबोर्डवर व अर्ज दुसऱ्यावर भरला गेला तर वऱ्हाड वऱ्हाडात सापडत नाही.

ईएस 2015 पासून स्ट्रिंगला नॉर्मलाइझ ही सोय आहे. तिच्या एनएफसी प्रकाराने पहिले दोन वऱ्हाड एक होतात. तिसरा होत नाही. जोडक काढून टाकणं तिच्या कामात बसत नाही. मग लोक न दिसणारी सगळी चिन्हं सरसकट पुसतात, आणि त्यात मराठीचं नुकसान होतं. तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘आचाऱ्यांना’ या शब्दातला जोडक पुसला, की मागे राहतो ‘आचार्यांना’. स्वयंपाक्यांचा निरोप गुरूंना जातो. बरोबर क्रम असा: आधी र, हलन्त, जोडक हे तिन्ही जिथे सलग सापडतील तिथे ऱ आणि हलन्त बसवायचे, उरलेले अदृश्य जोडक त्यानंतर काढायचे आणि शेवटी नॉर्मलाइझ करायचं. पाच-सहा ओळींचं काम आहे. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात ते पहिल्या दिवशी असायला हवं, आणि आपल्या महाविद्यालयांत ॲरे शिकवतानाच ते शिकवायला हवं. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या मुलाला हा प्रश्न नोकरीत पहिल्यांदा भेटतो आणि तो आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. ॲ या अक्षराचंही असंच आहे. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते लिहिलं जाई, आणि या दोन रूपांना नॉर्मलाइझ एक मानत नाही. तो बदल हाताने लिहावा लागतो.

याच्या पुढची पायरी शुद्धलेखनाची. बुलडाणा आणि बुलढाणा ही दोन्ही रूपं छापील मजकुरात दिसतात. सिंदखेड राजा कोणी तोडून लिहितं, कोणी जोडून. नांदुरा कुणी अनुस्वाराने लिहितं, कुणी ‘नान्दुरा’. मलकापूर आणि संग्रामपूर यांतला पू ऱ्हस्व लिहिणारेही भेटतात. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घच लिहावं असं स्पष्ट सांगितलं आहे, तरी भेटतात. नॉर्मलाइझ इथे काही करू शकत नाही, कारण ही अक्षरं खरोखरच वेगळी आहेत. इथे प्रत्येक नावाची मान्य रूपं लिहून ठेवणारा तक्ता लागतो: डावीकडे लोक लिहितात ती रूपं, उजवीकडे एकच संकेतांक. मॅप ही रचना त्यासाठीच आहे. अंदाजाने जवळचं नाव जुळवणाऱ्या लायब्ररी मिळतात, पण ज्या यादीवर कुणाचं अनुदान किंवा पीकविमा अवलंबून आहे तिथे त्या स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेऊ नयेत. त्यांनी नाव सुचवावं आणि अर्जदाराने निवडावं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या याद्यांची तर गोष्टच निराळी. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त दिसतं मराठी. त्या आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठलीच तुलना होत नाही.

‘नाही’ या उत्तराबद्दलही सांगायला हवं. रिकाम्या ॲरेला काहीही विचारलं तरी इन्क्लूड्स ‘नाही’ म्हणतं आणि समही तेच म्हणतं. यादी सर्व्हरवरून यायची असेल, रेंज कमी असेल आणि ती येण्याआधीच तपासणी झाली, तर शेतकऱ्याला ‘आपलं नाव यादीत नाही’ असा निरोप दिसतो. 2020 पासून मिळालेलं प्रश्नचिन्ह आणि टिंब हे चिन्ह वापरून यादी नसतानाची चूक दाबली, तर उत्तर अनडिफाइन्ड येतं आणि अट त्यालाही ‘नाही’च समजते. यादी अजून आलेली नाही, यादी आली पण रिकामी आहे, आणि यादी भरलेली आहे पण त्यात नाव नाही, या तीन परिस्थितींना पडद्यावर तीन वेगळी वाक्यं असलीच पाहिजेत. ज्याने तहसीलपर्यंत भाडं मोडून यायचं, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

वेगाचा मुद्दा लोक फार लवकर काढतात. 13 तालुक्यांच्या यादीत कुठलीही पद्धत वापरा, फरक जाणवणार नाही. जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांच्या यादीतही एखादा शोध क्षणात होतो. प्रश्न येतो तो शोधाच्या आत शोध आला की. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258 होती. एवढ्या नोंदींच्या ॲरेत नसलेलं एक नाव शोधायचं तर सगळ्या नोंदी ओलांडाव्या लागतात. अशी 1,000 नावं शोधायची तर सुमारे 258 कोटी तुलना. इथे सेट वापरावा. ईएस 2015 मध्ये आलेल्या या रचनेला हॅज असं विचारतात, आणि सरासरी शोधाचा वेळ नोंदींच्या प्रमाणात वाढू नये हे भाषेच्या अधिकृत प्रमाणातच लिहिलेलं आहे. सेट एकदा तयार करून लूपच्या बाहेर ठेवावा. लूपच्या आत दर फेरीला नवा सेट बांधणारं कोड इन्क्लूड्सपेक्षाही जास्त राबतं. समानतेचा नियम मात्र दोघांचा तोच आहे: नॅन नॅनशी जुळतं, ऑब्जेक्ट आतल्या मजकुरावरून जुळत नाही, आणि तीन वऱ्हाड तीनच राहतात.

कार्यालयात प्रत्यक्ष विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एका नावाचा नसतोच. मागच्या वर्षीच्या यादीतली कोणती गावं या वर्षीच्या यादीत आली नाहीत, असा असतो. त्यासाठी लूपमध्ये इन्क्लूड्स लिहिण्याची गरज आता राहिलेली नाही. ईएस 2025 मध्ये सेटला डिफरन्स, इंटरसेक्शन, इझसबसेटऑफ अशा सोयी अधिकृतपणे मिळाल्या आणि सध्याच्या ब्राउझरांत त्या चालतात. डिफरन्स दोन्ही दिशांनी काढावा: जुन्यात असून नव्यात नसलेली नावं एका बाजूला, नव्यात असून जुन्यात नसलेली दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचावेत. एकीकडे सिंदखेडराजा आणि दुसरीकडे सिंदखेड राजा, एकीकडे मलकापुर आणि दुसरीकडे मलकापूर अशा जोड्या तिथे समोर येतात. त्या मान्य रूपांच्या तक्त्यात घालायच्या आणि डिफरन्स पुन्हा काढायचा. जोड्या संपल्यावर रकान्यांत जी नावं उरतात, तीच खरोखर गळलेली किंवा नव्याने आलेली गावं.